कॅरव्हॅनचं सनरूफ दर पावसाळ्यात गळतंय? सिलिकॉनची नळी आधी बाजूला ठेवा

तक्रारी ओळखीच्या असतील. गाडी दारात उभी असते तेव्हा टिपूस नाही आणि चोर्ला घाटाच्या वळणांना लागलो की गादीवर थेंब. किंवा पाऊस थांबून दोन तास झालेत, ऊनही पडलंय, आणि आत्ता कुठं पाणी टपकायला लागतं. किंवा ऐन थंडीत, महिनाभर पावसाचा पत्ता नसताना, पहाटे खिडकीच्या चौकटीवरून पाणी ओघळतं. तिन्ही वेळा आपण एकच वाक्य बोलतो, "सनरूफ गळतंय." कारणं मात्र तिन्हींची वेगळी असतात.

माझी गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आतून पलंग आणि ओटा करून घेतलेली. छतावर ७०० बाय ५०० मिलिमीटरची, दुहेरी अ‍ॅक्रिलिकची, उघडणारी खिडकी. कुणी तिला सनरूफ म्हणतं, कुणी रूफ हॅच. मागं जोडून ओढायच्या कॅरव्हॅनवरही हीच वस्तू असते, त्यामुळं खालचं सगळं तिलाही लागू. बेळगाव-जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा आमचा नेहमीचा रस्ता. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत आषाढात पाऊस कसा पडतो हे खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. तिथं सलग तीन पावसाळे ही खिडकी गळली. दर वेळी दुरुस्त केली, दर वेळी पैसे दिले. चौथ्या वर्षी उलगडा झाला की ही एक गळती नव्हतीच. तीन होत्या, आणि एकीच्या मागं दुसरी लपलेली होती.

ज्यांच्या साध्या मोटारीला सनरूफ आहे त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण भाचा सारखा विचारतो. मोटारीच्या सनरूफमध्ये थोडं पाणी आत यावं अशीच रचना असते. काचेखाली पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. पिंपळाची पानं आणि धूळ बसून त्या नळ्या तुंबतात आणि पाणी आतल्या कापडावर सांडतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हातानं आत सारा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या आत नळी निसटली तर डॅशबोर्ड उघडावा लागतो. कॅरव्हॅनच्या खिडकीचं गणित यापेक्षा निराळं आहे.

घाम की गळती?

डिसेंबरात जांबोटीच्या रानात रात्री चांगलीच थंडी पडते. आत चार माणसं झोपलेली, वरून सकाळी चहाचं आधण. ती सगळी वाफ छतावरच्या सगळ्यात गार वस्तूला, म्हणजे खिडकीला, जाऊन चिकटते आणि पाणी होऊन ओघळते. ओळखायची खूण सोपी आहे. घाम चारही बाजूंनी सारखा सुटतो आणि त्याचं पाणी स्वच्छ असतं. गळती एका कोपऱ्यातून येते, आणि प्लायमधून फिरून आलेलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं. पांढऱ्या कपड्यानं टिपून बघा.

घाम थांबवायचा म्हणून काही जण खिडकीच्या चौकटीतली कायमची हवेची फट टेपनं बंद करतात. असं अजिबात करू नका. एक तर घाम वाढतो. दुसरं म्हणजे आत गॅसची शेगडी आहे, आणि ती फट जीव वाचवण्यासाठी ठेवलेली असते. दोन अ‍ॅक्रिलिकच्या मध्ये धुकं धरलं असेल तर कडेला रबराचं किंवा प्लास्टिकचं बारीक बूच शोधा. कोरड्या दिवशी ते काढून गाडी उन्हात ठेवा, धुकं गेलं की पुन्हा बसवा. ड्रिलनं भोक पाडायची युक्ती सुचवणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याचं ऐकू नका.

आणखी एक, सांगायला लाज वाटते असं. खिडकीच्या कडीला बहुतेक वेळा दोन खाचा असतात. एक पूर्ण बंद, दुसरी रात्री हवा यावी म्हणून किंचित उघडी. गाडी पळताना वरून जाणारा वारा दुसऱ्या खाचेतली खिडकी उचलतो आणि पाऊस आत घुसतो. "उभी असताना गळत नाही, चालताना गळते" या तक्रारीत आधी कड्या बघा. आम्ही एकदा पूर्ण चोर्ला घाट उतरून गोव्यात पोचल्यावर हे बघितलं होतं.

पाणी टपकतं तिथून आत आलेलं नसतं

आमचं गावचं घर कौलारू. मृगाच्या आधी बाबा घर शाकारायला वर चढायचे आणि मी खालून काठीनं दाखवायचो, इथं गळतंय. बाबा त्या जागेवरचं कौल कधीच काढायचे नाहीत. पाख्यावर हात-दीड हात वर सरकायचे, फुटकं कौल तिथं सापडायचं. पाणी कौलातून आत येतं, रिपेला धरून चालतं, वाशावर उतरतं आणि मग त्याला वाटेल तिथं टपकतं.

गाडीत हाच प्रकार जास्त फसवा होतो. वरचा पत्रा आणि आतला छताचा प्लाय यांच्यामध्ये थर्माकोल किंवा फोम असतो. पत्र्याला कुठंही भोक असलं तरी पाणी त्या पोकळीत हिंडत राहतं. आणि त्या प्लायला आरपार मोठं भोक असतं एकच, खिडकीचं. म्हणजे गळती सोलरच्या क्लॅम्पची असो, अँटेनाची असो की कॅरिअरच्या बोल्टची, पाणी बाहेर पडणार खिडकीच्या चौकटीतून. शिव्या खिडकीला.

माझी पहिल्या वर्षाची गळती अशीच निघाली. सोलर पॅनेलची पट्टी खिडकीच्या दीड फूट पुढं नुसत्या स्क्रूनं पत्र्यात घुसवली होती, खाली सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाचा, पत्ता नाही. आम्ही मात्र वर्षभर खिडकी चाटूनपुसून भरत होतो.

शोधायचं कसं? आतली चौकट स्क्रू काढून खाली घ्या. ती दोन्ही बाजूंनी छत आवळून धरणारा भाग असते, ती निघाल्यावर पत्र्याची कापलेली कड आणि प्लायची जाडी उघडी दिसते. त्या कडेवर चारी बाजूंनी टाल्कम पावडर भुरभुरा, म्हणजे पहिला ओघळ स्वच्छ उमटेल. मग वर एका माणसाला पाइप घेऊन बसवा. पाणी जोरात मारायचं नाही, नुसतं सोडायचं, आणि सुरुवात छताच्या सगळ्यात खालच्या बाजूनं करायची. दहा मिनिटं एका जागी, मग वीतभर वर. घाईनं सगळ्या छतावर पाणी ओतलं तर काहीच कळत नाही. एकदा गाडीचं नाक चढाला, एकदा उताराला करून हेच पुन्हा करा. दाबाचं वॉशिंग यंत्र तर लांबच ठेवा. ते धडधाकट खिडकीच्या हवेच्या फटीतूनही पाणी आत घालतं आणि मग आपण नसलेली गळती शोधत बसतो.

एवढं करूनही सापडलं नाही तर उलटा उपाय. दारं-खिडक्या बंद, हवेच्या फटी तात्पुरत्या टेपनं बंद, आणि एका फटीतून ब्लोअरनं आत हवा भरायची. छतावर साबणाचं पाणी फिरवा. जिथं बुडबुडे येतात, तिथं भोक. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तेच, फक्त ट्यूबच्या आत आपण. काम झालं की फटींवरचे टेप आठवणीनं काढा.

सिलिकॉननं माझं काय केलं

दुसऱ्या वर्षी गॅरेजात फिटर म्हणाला, "काय होत न्हाई ओ साहेब, सिलिकॉन मारतो. पाच वर्षं बघायला नको." वर्षभरात बघायची वेळ आली.

दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. सुकताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. कापलेल्या, रंग नसलेल्या पत्र्याच्या कडेवर ते लावलं की खाली गंज धरतो, आणि गंजावर कुठलंच सीलंट टिकत नाही. दुसरी गोष्ट त्याहून वाईट: सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. म्हणजे वरून लेप, मग लेपावर लेप, आणि पाणी मात्र खालच्या पहिल्या थरातून आरामात जातं.

तरी मूळ दुखणं ते नव्हतं. या गाडीच्या पत्र्याला उभ्या पन्हळी आहेत. खिडकीची चौकट सपाट. ती पन्हळींच्या माथ्यावर टेकली होती आणि मधल्या खोलगट जागा फक्त सिलिकॉनच्या गोळ्यांनी बुजवल्या होत्या. वर स्क्रू मशीननं आवळलेले, त्यामुळं पत्रा मध्ये दबून थाळीसारखा झाला होता. पाऊस थांबल्यावर त्या थाळीत पाणी साचून राहायचं आणि सावकाश झिरपायचं. पावसानंतर दोन तासांनी टपकण्याचं रहस्य ते हे.

थोडं गणितही बघा. अ‍ॅक्रिलिक दर अंश सेल्सिअसला दशलक्षात साधारण ७० भाग वाढतं, पोलाद १२. छत दुपारी तापून रात्री ४० अंशांनी उतरलं, तर ७०० मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक जवळपास २ मिलिमीटर आक्रसतं आणि खालचा पत्रा एक-तृतीयांश मिलिमीटर. चौकटीचं प्लास्टिकही पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त हलतं. हे रोज. त्यामुळं मधला सांधा कायम मऊ आणि लवचिक हवा, घट्ट गोंदासारखा नको.

काढून पुन्हा बसवणं

हे काम एप्रिल-मेमध्ये, कडक उन्हात, पत्रा कोरडा असताना. पावसात केलेलं काम पावसातच जातं.

खिडकी काढायला प्लास्टिकची पाती किंवा बारीक तार वापरा, स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. जुनं सिलिकॉन ब्लेडनं आणि घासून, अगदी कंटाळा येईपर्यंत काढायचं. संपलं की नाही याची परीक्षा अशी: त्या जागेवर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. अळूच्या पानावर बसावं तसे थेंब गोल होऊन बसले, तर सिलिकॉनचा पापुद्रा अजून शिल्लक आहे.

माझ्या पत्र्याची कड ग्राइंडरनं कापलेली होती, सगळी गंजून पापुद्रे सुटलेले. ती कानशीनं घासून, झिंक प्रायमरचे दोन हात दिले. आतला लाकडी आधार साध्या प्लायचा होता. तो हातात घेतला तर भिजलेल्या वहीसारखी पानं सुटली. नवा आधार आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय, कडा एपॉक्सीनं बंद करून. हा आधार छताच्या जाडीला बरोबर जुळला पाहिजे, कारण स्क्रू आवळल्यावर पत्रा दबू नये हे त्याचंच काम.

पन्हळींसाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फायबरवाल्याकडून छताच्या साच्यावरच चौकोनी गळपट्टी करून घेतली. खालून पन्हळीदार, वरून सपाट, पत्र्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच. ती पत्र्याला पॉलियुरेथेन सीलंटनं चिकटवली. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं सुकतं, दिवसाला जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणून दोन दिवस हात लावला नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर खिडकीला उंबरा केला. आता पाणी दोन्ही बाजूंनी वळून जातं, कडेला उभं राहत नाही. सगळ्या दुरुस्तीतला सगळ्यात मोलाचा खर्च हाच, आणि तीन वर्षांत एकाही फिटरनं तो सुचवला नव्हता.

उंबऱ्यावर खिडकी बसवताना ब्युटाइल टेप. ३ मिलिमीटर जाड, बोटभर रुंद, च्युइंगगमसारखी चिकट, कधीच न वाळणारी. ऑनलाइन सहज मिळते, गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडेही विचारा. टेपचा सांधा कोपऱ्यात नको, आणि पाणी वाहत येतं त्या वरच्या बाजूलाही नको, खालच्या बाजूला घ्या. टोकं एकमेकांवर चढवून दाबा. खेचून लावू नका, खेचलेली टेप नंतर आक्रसते. स्क्रू हातानं, चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. टेप चारही बाजूंनी सारखी बाहेर डोकावली की थांबा. दुसऱ्या दिवशी, ऊन खाऊन टेप बसल्यावर, पाव फेरा आणखी. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या सुरीनं कापा. सोलरच्या पट्टीखाली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालीही हीच टेप घातली.

तडे

तिसऱ्या वर्षी सांध्याशिवाय दुसरीकडूनही थेंब आला. कोपऱ्याजवळ अ‍ॅक्रिलिकला केसासारख्या बारीक चिरांचं जाळं होतं, आणि त्यातली एक चीर बिजागरीच्या स्क्रूपर्यंत गेलेली. मला वाटलं वळवाच्या गारा. गारांनी फुटतं हे खरं, पण गारेचा तडा एका ठिणगीसारख्या बिंदूतून बाहेर पसरतो. आमच्याकडचे दुकानांचे बोर्ड करणारे एक मामा चिरा बघून लगेच म्हणाले, "थिनरनं पुसलासा काय हे?"

पुसलं होतं. सिलिकॉनचे डाग काढायला. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, स्पिरिट आणि काच पुसायचे बरेचसे स्प्रे अ‍ॅक्रिलिकमध्ये आधीच असलेल्या ताणावर हल्ला करतात. त्याच दिवशी काही दिसत नाही, काही दिवसांनी चिरा उमटतात. पॉलियुरेथेन सीलंट अ‍ॅक्रिलिकला लागलं तरी हे होऊ शकतं, म्हणून ते फक्त पत्रा आणि फायबरच्या मध्ये. खिडकी पुसायला कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, बस्स. आणि रबराच्या पट्टीला खोबरेल तेल नको. आमच्या घरात केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लागतं, पण तेलानं ते रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा. नावात सिलिकॉन असलं तरी वर ज्याला शिव्या घातल्या ते हे नव्हे.

चीर थांबवायची तर तिच्या अगदी टोकाला ३ मिलिमीटरचं भोक, हळू फिरणाऱ्या ड्रिलनं, खालून लाकूड धरून आणि फक्त बाहेरच्या थराला. ताण त्या गोल भोकात पसरतो आणि चीर पुढं सरकत नाही. मग अ‍ॅक्रिलिकचं पातळ सिमेंट चिरेत ओढून घ्यायचं. मामांनी ते त्यांच्या दुकानात केलं, उघड्या दारात, नाकावर फडकं बांधून. घरी प्रयोग करू नका, ती वाफ वाईट असते. असं जोडकाम एखादा हंगाम काढायला ठीक. जाळीसारख्या चिरा सगळीकडे असतील किंवा बिजागरीच उखडत असेल, तर पाखं, म्हणजे खिडकीचं उघडणारं अ‍ॅक्रिलिकचं झाकण, बदलणं हाच उपाय. घाटात सुटलेलं पाखं मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जातं.

नवं पाखं यायला वेळ लागला म्हणून मामांनी मधल्या काळासाठी पॉलिकार्बोनेटचा सपाट पत्रा कापून दिला. तो गारेला दाद देत नाही, ओरखडे मात्र लगेच पडतात. त्याची स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवली, वरचं आक्रसण्याचं गणित आठवून.

वाटेतच तडा गेला तर? छताची जागा कोरडी करता येत असेल तर अ‍ॅल्युमिनियमची ब्युटाइल टेप गाडीत ठेवा, ती चिकटते. भर पावसात काहीच चिकटत नाही, तेव्हा वेळ घालवू नका. ताडपत्री पूर्ण छतावरून टाकून दोऱ्या दोन्ही बाजूंनी खाली बांधा, ताडपत्रीची पुढची कड पुढच्या कॅरिअरखाली दाबा, नाहीतर वारा तिचं शीड करतो. आणि गाडी हळू. खिडकीखालची गादी आधी उचला, हे सांगायचं राहिलं असतं. ओल्या गादीचा वास दिवाळीपर्यंत जात नाही.

शेवटचं काम मोजण्याचं. दोन टोकं टोचून लाकडातला ओलावा दाखवणारा छोटा मीटर घ्या. कॅरव्हॅनची पाहणी करणारे १५ टक्क्यांच्या आतला आकडा ठीक मानतात, १५ ते २० ला लक्ष ठेवतात आणि २० च्या वर गेला की उघडून बघतात. मी आतल्या चौकटीमागं, प्लायवर, पेन्सिलनं चार कोपऱ्यांचे आकडे लिहितो. एकदा मेमध्ये, एकदा तरण्या (पुनर्वसूच्या) पावसानंतर आणि एकदा म्हाताऱ्या (पुष्याच्या) पावसानंतर. यंदा तीन कोपरे १२-१३ वर आहेत. मागचा उजवा १७ वर अडकलाय, मेमध्येही १७ होता. म्हणजे नवं पाणी येत नाहीये, जुनं फोमात दडून बसलंय. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा झाली की तो कोपरा उघडायचा आहे.